चाळीसपर्यंत चालतं

"वास तरी घेऊन बघ," ताई म्हणाली आणि तिने बरणी थेट त्याच्या नाकापुढे धरली.

धाकट्याने मान इतक्या झटक्यात मागे घेतली की खुर्चीचे पुढचे दोन पाय जमिनीवरून सुटले. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पावाचा तुकडा बरणीत बुडवला, लाल लगदा ओघळायच्या आत तो तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत बसली. अकरा दिवसांत ती पहिल्यांदाच काहीतरी चावत होती. तोवर जे काही पोटात गेलं होतं ते पेल्यातून, नाक दाबून, औषधासारखं.

"लागतेय," ती म्हणाली. "धाकट्या, चव लागतेय रे मला. आंबट लागतंय. मागून तिखट येतंय."

"हं."

"हं काय? अर्धा पाव संपला माझा. बघतोयस ना?"

तो बघत नव्हता. तो खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होता. बरणीकडे बघणं तो टाळत होता, आणि ताईच्या तोंडाकडे बघणं त्याहून जास्त.

चोपन्न वर्षांचा झाला, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस राहिले, तरी घरात तो धाकटाच होता. ताई त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताईने त्याला कडेवर घेतला, तो जवळजवळ उतरवलाच नाही. मध्ये सहा वर्षं ती नवऱ्याच्या घरी होती. नवरा गेल्यावर शिवणयंत्र घेऊन परत आली, ते यंत्र कोपऱ्यात ठेवलं आणि पहिल्याच दिवशी धाकट्याला विचारलं, "काय रे, वाळलास किती? जेवत नव्हतास का?" तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत दोघंच. धाकट्याने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे एकेक करून थकले किंवा वारले.

आता वाळण्याची पाळी ताईची होती. घशात गाठ निघाली. किरणांचे तेहतीस डोस झाले, गाठ निम्म्याने आकसली आणि तिच्याबरोबर जिभेवरची चवही गेली. भात तोंडात घेतला तर ओला कागद, दूध घेतलं तर गंजकं पाणी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला उपचारांचा दुसरा टप्पा, पण त्या दिवशी वजन बेचाळीसच्या खाली असेल तर तो देता येणार नाही. शरीर पेलणार नाही. आणि दिला नाही तर गाठ काही थांबून राहणार नाही. नाकातून नळी घालायचा पर्याय त्यांनी सुचवला, तेव्हा ताईने ज्या नजरेने डॉक्टरांकडे पाहिलं ती पाहून त्यांनी कागद परत फाइलमध्ये ठेवला. त्या दिवशी काट्यावर ती एकेचाळीस भरली होती.

आणि आज खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दुकानातून ही बरणी घेऊन आल्या होत्या. टोमॅटोचा साल्सा. कांदा, मिरची, व्हिनेगर घातलेला, जाडाभरडा. बरणीवर दव पडलेल्या टोमॅटोचं चित्र. धाकटा कामाला होता त्याच कारखान्यातला.

"काय लिहिलंय बघ त्यावर," ताई म्हणाली. "वजन वाढेल का याने?"

धाकट्याला वाचायची गरज नव्हती. लेबल त्याला पाठ होतं. तरी त्याने बरणी दोन बोटांनी झाकणापाशी धरून फिरवली.

"दोन चमच्यांत दहा कॅलरी. चरबी शून्य. प्रथिनं शून्य. साखर एक ग्रॅम."

"अरे, मग आहे काय त्यात?"

"मीठ आहे. मीठ भरपूर आहे."

"शून्यावर शून्य. बाई गं." ती हसली आणि तुकडा पुन्हा बुडवला. "असू दे. पाव तर जातोय ना त्याच्याबरोबर. लोणी लाव पुढच्या तुकड्याला."

दोन चमच्यांचा प्रकारही त्याला ठाऊक होता. आधी लेबलावर चार चमचे होते. चार चमच्यांचं मीठ छापून आलं तेव्हा आकडा डोळ्यांत खुपायला लागला, म्हणून कारखान्याच्या साहेबांनी माणसाचं खाणंच निम्मं केलं. मीठ तेवढंच राहिलं, चमचे कमी झाले. खाली बारीक अक्षरांत घटक होते. टोमॅटोचा लगदा, पाणी, सुकवलेला कांदा, मिरची, व्हिनेगर, साखर, मीठ, दाटपणासाठी स्टार्च, टिकवण्यासाठी अमुक, आंबटपणासाठी तमुक. लगदा ताज्या टोमॅटोचा नसून पिंपांत महिनोन्‌महिने ठेवलेल्या आटीव गराचा असतो, हे लेबलावर नव्हतं. आणि धाकटा गेली सत्तावीस वर्षं जे मोजत होता, तेही लेबलावर नव्हतं.

कारखान्यात त्याला भिंगवाले म्हणत. सुरुवातीला तो पट्ट्यावर होता, पुढून सरकणाऱ्या टोमॅटोंतून सडके उचलून फेकणाऱ्या रांगेत. दीड वर्षात तिथल्या जुन्या केमिस्टने हेरलं की या पोराचा डोळा थकत नाही. त्याने त्याला उचलून लॅबमध्ये नेलं आणि मायक्रोस्कोपसमोर स्टुलावर बसवलं. तो अजून तिथेच होता. स्टूल दोनदा बदललं.

काम सांगायला सोपं होतं. टाकीतून आलेल्या लगद्याचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि भिंगाखाली शंभर जागा एकेक करून बघायच्या. टोमॅटो सडला की त्यात बुरशीचे धागे पसरतात. टोमॅटो दळला, उकळला, गाळला तरी धागे राहतात. शंभरांतल्या किती जागी धागा दिसला तो आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा आणि पुढे सही. लॅबच्या भिंतीवर कंपनीचा तक्ता होता. चाळीसपर्यंत चालतं. एकेचाळीसला टाकी ओतून द्यायची. दुसऱ्या ओळीत माशीची अंडी, तिसऱ्या ओळीत अळ्या. तिथेही किती चालतात ते आकडे होते. एक अळी चालायची, दोन चालायच्या नाहीत.

पहिल्या महिन्यात तो रोज ओकला. पुढे ओकारी थांबली आणि त्या जागी किळस येऊन राहिली, आणि ती मात्र जागची हलली नाही. भात ताटात आला की तो शितं बोटाने पसरून बघायचा, कारण माशीची अंडीही तशीच पांढरी, लांबोडकी असतात. लाल रंगाचं काही तो खात नसे. कामावरून आला की कॉलर हुंगायचा आणि तो गोडसर, आंबूस, कुजका वास नाही अशी खात्री झाल्यावरच ताईच्या जवळ बसायचा. ताईला वाटे की याला टोमॅटो बाधतो. तिनेच कधीतरी तसं ठरवलं आणि शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. त्यानेही ते राहू दिलं. "लॅबमध्ये काय करतोस रे?" असं तिने विचारलं की तो म्हणे, "तपासणी." बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी, आणि त्याच्या बाबतीत तर शब्दशः.

तर आता त्याची बहीण जगात एकच गोष्ट खाऊ शकत होती, आणि ती नेमकी ही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. धाकटा सकाळीच बाजारात गेला आणि विक्रेत्याच्या शिव्या खात एकेक टोमॅटो उजेडात धरून, देठापाशी दाबून निवडला. घरी येऊन त्याने ते चार पाण्यांनी धुतले, उकळत्या पाण्यात बुडवून सालं काढली, कांदा चिरला, मिरची घातली, लिंबू पिळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे हाताने केलं, आणि करताना तोंडातून श्वास घेतला, नाकाने नाही. भांडं टेबलावर ठेवताना त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

ताईने एक घास घेतला आणि रुमालात काढून ठेवला.

"ओला कागद," ती म्हणाली.

"ताजा आहे, ताई. आत्ता केलाय. स्वच्छ आहे अगदी."

"असेल बाबा. मला लागत नाही, त्याला मी काय करू?"

मग त्याने व्हिनेगर वाढवलं, मीठ वाढवलं, साखर घातली. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाईंची रिकामी बरणी उकळून घेतली, तिच्यात आपला साल्सा भरला, झाकण घट्ट लावलं आणि ताईसमोर कट्‌ असा आवाज करत उघडलं. ताईने पाव बुडवला, खाल्ला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"तू मला फसवायला कधी शिकलास?" तिने विचारलं. "लहानपणी तर चोरून गूळ खाल्लास की स्वतःच येऊन सांगायचास."

"दुकानातलं चांगलं नसतं, ताई."

"बाकी काय चांगलं राहिलंय माझ्यात? त्या किरणांनी तोंडाचं कातडं जाळलं, ते चांगलं होतं का? आण जा ती बरणी. नाकाने कांदे सोलू नकोस."

तो आणायला लागला. पण आपल्या पद्धतीने. कारखान्याच्या फाटकापाशी कामगारांसाठी एक खिडकी होती, तिथे लेबल वाकडं लागलेल्या बरण्या मिळत. प्रत्येक झाकणावर बॅचचा नंबर छापलेला असे आणि कुठल्या नंबराला भिंगाखाली किती आकडा आला होता ते धाकट्याला रजिस्टर न उघडता आठवे. तो खिडकीशी उभा राहून बरण्या उलटसुलट करी. ही अडतीसची, नको. ही एकतीसची, नको. ही सहाची. ही नऊची. सहा आणि नऊच्या तो पिशवीत टाकी. खिडकीवरच्या माणसाला वाटलं की भिंगवाल्यांना नंबरांचा काही नाद लागला.

अडतीसच्या बरण्या परत मांडून ठेवताना त्याला स्वतःची शिसारी येई. त्याही कोणाच्या तरी बहिणीकडे जाणार होत्याच, आणि त्यांच्यापुढे सही त्याचीच होती. पण ताई पाव खात होती. मग बटाटा खायला लागली. मग अंडं. सगळ्यावर तो लाल लगदा ओतून. महिन्याच्या बारा तारखेला काट्यावर बेचाळीस किलो चारशे ग्रॅम आलं आणि डॉक्टरांनी विचारलं, "काय जादू केलीत?"

"भाऊ कारखान्यात आहे माझा," ताई म्हणाली. "तपासून आणतो."

त्यानंतरच्या आठवड्यात नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि टोमॅटोचे चौदा ट्रक चार दिवस उन्हात अडकून पडले. पाचव्या दिवशी ते फाटकात शिरले तेव्हा त्यांच्या फळ्यांमधून रस गळत होता आणि माशांचा ढग बरोबर आला होता. पट्ट्यावरच्या बायकांनी नाकाला पदर, ओढण्या, जे हाताला लागलं ते बांधलं. एकीने टोमॅटो उचलला तर तो तिच्या मुठीतून पिठल्यासारखा निसटला. दुपारपर्यंत त्यांनी वेचून फेकलं, मग साहेब आले आणि पट्ट्याचा वेग वाढवायला सांगून गेले.

संध्याकाळी टाकीतला पहिला थेंब भिंगाखाली आला. धाकट्याने शंभर जागा पाहिल्या. मग पट्टी बदलून पुन्हा पाहिल्या. धागे एकमेकांत गुंतले होते, काही ठिकाणी त्यांची अक्षरशः गादी झाली होती. आकडा त्रेसष्ट.

"ओतावी लागेल," तो म्हणाला.

लॅबच्या मॅडम वयाने त्याच्या निम्म्या होत्या आणि त्याला काका म्हणत. त्यांनी आकडा पाहिला, फोन उचलला, साहेबांशी बोलल्या आणि फोन ठेवताना त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "ओतायची नाही म्हणतात, काका. चांगल्या मालात घालायची. थोडी थोडी."

"किती थोडी?"

"चाळीसच्या आत राहील इतकी."

हे आधीही होत असे, अधूनमधून, एखाददुसऱ्या पिंपापुरतं. या वेळी चौदा ट्रकांचा माल होता. पंधरा दिवस सहाच्या, नऊच्या, बाराच्या स्वच्छ टाक्यांत ती घाण बेताबेताने सोडली गेली आणि पंधरा दिवस रजिस्टरमध्ये तेच ते आकडे आले. अडतीस. एकोणचाळीस. सदतीस. एकोणचाळीस. धाकटा खाली सही करत गेला. नियमात बसत होतं. त्याला मात्र प्रत्येक सहीनंतर हात धुवावेसे वाटत, आणि तो धुतही असे.

खिडकीवर आता निवडण्यासारखं काही उरलं नाही. सगळ्याच बरण्या सारख्या. धाकट्याने साठवलेल्या दोन संपल्या आणि तो ताईला सांगू लागला की माल आला नाही. चार दिवस त्याने असे काढले. ताई पुन्हा पेल्यावर आली, पण कुरकुरली नाही. उद्या येईल म्हणाली.

पाचव्या दिवशी तो घरी आला तेव्हा ताई टेबलाशी बसली होती. समोर पाव, उकडलेला बटाटा आणि एक नवी बरणी, पाव भागाच्या वर रिकामी झालेली.

"शिंपीणबाईंना दुकानात मिळाली की," ती म्हणाली. "तुमच्याच कारखान्याला मिळत नाही होय?"

त्याने झाकण उचलून नंबर पाहिला. मंगळवारची दुसरी पाळी. एकोणचाळीस. ताईच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता, आणि त्याला तो थेंब दिसेना, त्यातलं सगळं दिसायला लागलं. त्याने तिच्या हातून तुकडा हिसकावला, बरणी उचलली आणि दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकलं. काच फुटली नाही, नुसती धप्प वाजली.

ताई डब्याकडे बघत राहिली. "अन्न होतं ते, धाकट्या."

"अन्न?" त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, रागात बोलला म्हणून सोडून देता आलं असतं. तो रजिस्टर वाचल्यासारखा बोलला. "सांगू काय होतं ते? शंभर जागांपैकी एकोणचाळीस जागी बुरशी होती. माशीची अंडी सात. अळी एक, तीही अर्धी, बाकीची अर्धी दुसऱ्या बरणीत गेली असेल. ट्रक चार दिवस उन्हात कुजले. मी स्वतः मोजलंय. सत्तावीस वर्षं मी हेच मोजतो. मला टोमॅटो बाधत बिधत नाही. मला घाण वाटते."

ताईने हातातला चमचा सावकाश टेबलावर ठेवला. ओठाचा कोपरा पदराने पुसला, मग पदराचं ते टोक पाहिलं.

"आणि तू सही करतोस?" तिने विचारलं.

"चाळीसपर्यंत चालतं."

"कोणाला चालतं?"

धाकट्याला वाटलं होतं की सांगितल्यावर आपल्याला हलकं वाटेल. ताई उठली, आतल्या खोलीत गेली आणि दाराआडून त्याला तिच्या ओकण्याचा आवाज आला. पाव आणि बटाटा दोन्ही बाहेर पडलं.

त्यानंतर तिने साल्साला तोंड लावलं नाही. लावायचा प्रयत्न केला, ती काही हट्टी नव्हती. शिंपीणबाईंनी दुसरी बरणी आणली, तिने झाकण उघडलं, पाव बुडवला, ओठांपर्यंत नेला आणि मान फिरवली.

"जात नाही," ती म्हणाली. "तोंडाजवळ आणलं की तू दिसतोस. भिंगाला डोळा लावून बसलेला."

पावाचं, बटाट्याचं, अंड्याचं पुन्हा ओल्या कागदात रूपांतर झालं. सहा तारखेला शिंपीणबाईंनी आपल्या घरचा वजनकाटा वर आणला. एकेचाळीस किलो सहाशे. काटा उचलून जिना उतरताना त्यांनी धाकट्याला बाहेर गाठलं.

"तिच्या तोंडचा घास काढलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "खरं बोलायची इतकी हौस होती तर साहेबाशी बोलायचं होतं. तिच्याशी कशाला बोललात?"

बाईंचा शब्दन्‌शब्द बरोबर होता.

सात तारखेला त्याने लॅबमध्ये मॅडमना विचारलं, "तुम्ही खाता का हो आपला साल्सा?"

"खाते की. घरीही नेते." त्या चष्मा पुसत होत्या. "उकळताना सगळं मरतं, काका. पोटाला काही होत नाही. कोणाला झालंय आजवर? बघायला घाण वाटतं एवढंच. आणि बघणारे आपण दोघंच आहोत."

बघायला घाण वाटतं एवढंच. धाकटा स्टुलावर बसून या वाक्याशी बराच वेळ झगडला. ते खोटं असतं तर त्याला आवडलं असतं. पण सत्तावीस वर्षांत त्या बरण्या खाऊन कोणी आजारी पडल्याचं त्याच्याही ऐकिवात नव्हतं. बरणीत विष नव्हतं. किळस होती, आणि ती बरणीत नव्हतीच, त्याच्या पोटात होती. इतकी वर्षं त्याने ती एकट्याने सांभाळली, ताईला तिचा वाराही लागू दिला नाही, आणि नेमकं तिला जगायला एक घास हवा होता तेव्हा काढून तिच्या ताटात वाढली.

त्या संध्याकाळी त्याने खिडकीवरून एक बरणी घेतली. नंबर पाहिला नाही. हाताला आली ती घेतली.

आठ तारखेला रविवार होता. दुपारी त्याने पाव कापला, लोणी लावलं, दोन अंडी उकडली, आणि ताईसमोर नाही, स्वतःसमोर ताटली ठेवली. ताई भिंतीला टेकून बसली होती. गालाची हाडं वर आली होती आणि डोळे मोठे झाले होते.

"मी वाढवून सांगितलं त्या दिवशी," तो म्हणाला.

"तू? आकडा वाढवून?" ताई म्हणाली. "धाकट्या, दुसरं काहीतरी सांग."

त्याने बरणी उघडली. वास वर आला, तोच तो गोडसर, आंबूस वास, आणि त्याच्या जिभेखाली पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं ते. त्याने पावावर एक चमचा घातला. मग दुसरा. लेबलावर म्हटलं होतं तेवढंच. लाल लगदा पावाच्या कडेवरून ओघळू लागला तेव्हा त्याने तो तोंडात घातला.

ताई टेकलेली होती ती पुढे झाली.

तो चावत राहिला. कांद्याचा सुकवलेला तुकडा दाताखाली आला. तो कांद्याचाच होता, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि गिळलं. त्याने दुसरा घास घेतला. चेहरा त्याने असा ठेवला होता जसा मायक्रोस्कोपसमोर ठेवत असे, कारण दुसरा कुठला ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तर मिरचीचं म्हणता येणार होतं. तिसरा घास. पावाचा तुकडा संपला, त्याने दुसरा घेतला.

"कसं लागतं?" ताईने विचारलं.

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"आंबट आहे," तो म्हणाला. "थोडं गोड. मीठ जास्त झालंय."

"आणि मागून तिखट येतं ना?"

"येतं."

"आणि?"

"आणि काही नाही, ताई."

ती त्याच्याकडे बघत राहिली, अगदी निरखून, लहानपणी ताप आलाय का बघायची तशी. त्याने नजर हलवली नाही आणि आणखी एक चमचा घेतला. मग तिने हात लांब करून बरणी आपल्याकडे ओढली, पावाच्या टोकाचा एक छोटा तुकडा तोडला, बुडवला आणि हातात धरून थांबली. ओठ घट्ट मिटले होते. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो चावत होता. तिने तोंड उघडलं.

पहिला घास खाली उतरायला फार वेळ लागला. दुसऱ्याला त्याहून कमी. चौथ्या तुकड्याला तिने लोणी मागितलं आणि त्याने लावून दिलं. अंड्यावर तिने स्वतःच चमचा ओतला.

उठून तोंड धुवावं, घशात बोट घालून सगळं बाहेर काढावं असं धाकट्याला इतकं वाटत होतं की त्याची पाठ घामाने भिजली होती. पण मोरीतला आवाज टेबलापर्यंत ऐकू येतो. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिचं खाणं होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.